अर्धं सूत

आषाढातली झड लागलेली असताना सावंतवाडीहून फोन आला. "भावजीनू, तुमची ती मिऱ्याची गिरण आडली. अर्धी फिरता नि आडता." वहिनींच्या आवाजात तक्रार नव्हती. शेजारच्या घरी गाय व्याली हे सांगावं, तशी ती बातमी होती. वर त्यांनीच माझी समजूत घातली, "ऱ्हवांदे. मी आपला खलबत्त्यात कुटतंय."

चिंचवडला गॅलरीत उभा राहून मी फोन ऐकत होतो. ती गिरणी मी दोन महिन्यांपूर्वीच, मे महिन्यात, स्वतःच्या हातांनी नेऊन दिली होती. आयुष्यातली चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेली. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी नग बाजूला काढायचा, हा हाताला लागलेला नियम. त्याच हातांनी बसवलेलं डोकं पहिल्या पावसातच अडलं होतं. आणि अडलं होतं कुठे, तर ज्या घरात मी लाकूड कातायला शिकलो त्या घरात. हे म्हणजे पंतोजींच्याच घरी जाऊन पाढा चुकवण्यासारखं झालं.

आधी या गिरणीबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे ती घरोघरी नसते. टेबलावर ठेवायची, वीतभर उंचीची, कमरेत थोडी बारीक अशी लाकडी वस्तू. वरचं डोकं फिरवलं की आतल्या पोलादी दात्यांतून मिरी भरडून ताटात पडते. मिरी कुटली की तिचं उडनशील तेल उडायला लागतं. तिखटपणा मागे राहतो, वास जातो. म्हणून ती आयत्या वेळी भरडायची. हे आपल्या आयांना माहीत नव्हतं असं नाही. खलबत्ता त्यासाठीच ओट्यावर असायचा. फक्त तो कुणी टेबलावर आणून ठेवला नाही. फ्रान्समधल्या प्यूजो कंपनीने तिची पहिली मिरीची गिरणी 1874 मध्ये काढली. मोटारगाडीवर तिचं नाव लागलं ते नंतर. त्याआधी ही मंडळी करवतीची पाती आणि कॉफीच्या गिरण्या बनवत होती. पात्याला चांगले दाते काढता येणाऱ्या माणसाने मिरीकडे वळावं, यात आश्चर्य नाही.

ज्या मुलखात मिरी पिकते तिथे ती खलबत्त्यात, आणि जिथे तिचं एक पान उगवत नाही तिथे तिच्यासाठी वेगळं यंत्र, याची मला गंमत वाटत आली आहे. आपण मिरचीला नावसुद्धा मिरीवरून दिलं. पोर्तुगीजांच्या मागोमाग ती आली, आणि स्वयंपाकघरात तिने मिरीची जागा अशी घेतली की मिरी काढ्यापुरती उरली.

2018 मध्ये निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत लाकडासाठीचा लहान लेथ घेतला. अर्ध्या अश्वशक्तीचा, टेबलावर मावणारा. सोसायटीने गॅलरीला परवानगी दिली, घरातून मिळाली नाही. ती अजूनही नाही. भुशावरून आमच्याकडे होणारं बोलणं इथे लिहीत नाही. पहिलं लाटणं केलं. "पोळी चिकटते," असा निकाल लागला. मग मुलीने नेदरलँड्सहून येताना सामानातून मिरीच्या गिरणीची दोन यंत्रं आणली. पोलादी दात्यांचा जोड, चौकोनी ॲल्युमिनियमची सळई आणि वर आवळायची चाकी, एवढाच ऐवज. चाकी आवळली की पूड बारीक, सैल केली की जाड. लाकूड मात्र आपलं आपण कातायचं.

पहिली गिरणी मी बिघडवली, आणि ती कशी हे लिहायला हवं, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. या गिरणीला खालून 41 मिलिमीटरचं एक रुंद, उथळ भोक लागतं. त्यात दाते बसतात. आणि आरपार 27 मिलिमीटरचं भोक, म्हणजे मिरीचं कोठार. मी आधी आरपार भोक पाडलं, मग मोठ्याकडे वळलो. आता, मोठी भोकं पाडायचा जो बिट असतो त्याला कडेला धार आणि मधोमध एक टोक असतं. ते टोक लाकडात रुतलं की बिट जागेवर राहतो. माझ्या लाकडाच्या मध्यात लाकूड होतं कुठे? तिथे 27 मिलिमीटरची पोकळी. टोक हवेत फिरलं, बिट उडाला, कड फाटली. धातूच्या लेथवर जन्म काढलेल्या माणसाने करावी अशी ही चूक नव्हती. आधी मोठं, मग लहान. आधी आतलं, मग बाहेरचं.

हे वाक्य मनात आलं, आणि ते माझं नाही हेही त्याच क्षणी आठवलं. "आधी पोट, मगे रूप."

ते आबांचं होतं.

सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. चितारआळीतल्या दुकानांतली लाकडी फळं, रंगवलेले पाट, सत्तरच्या दशकात राजवाड्यात पुन्हा सुरू झालेलं गंजिफ्याचं काम. आबा त्यांतले नव्हते. ते साधं कातकाम करत. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, कुंकवाचे करंडे, आणि आम्हा पोरांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे म्हणजे भोवरे. त्यांचं दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, पडवीवजा. मोती तलावाकडून घरी येताना वाटेतच लागायचं. आबांचा मुलगा माझ्या वर्गात, म्हणून जायला निमित्तही लागत नसे.

1968 च्या मे महिन्यात मी दहा वर्षांचा होतो. त्यांची दोरी ओढणारा पोरगा गावी गेला होता. आबांच्या लेथला मोटार नव्हती. जमिनीलगत दोन ठोकळे, त्यांतून आलेले दोन लोखंडी सुळे आणि सुळ्यांच्या मध्ये लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे. दोरीची दोन्ही टोकं माझ्या हातांत. उजवं ओढलं की लाकूड एका बाजूला फिरे, डावं ओढलं की उलट. आबा समोर मांडी घालून, पायाच्या अंगठ्याने आधाराची पट्टी दाबून, हत्यार धरून बसायचे. लाकूड त्यांच्याकडे फिरतं तेव्हाच हत्यार लागायचं. उलट फिरलं की ते केसभर मागे यायचं. मागेपुढे, मागेपुढे. पाहणाऱ्याला वाटावं, हत्यार श्वास घेतंय.

"दोरी ओढ, झिला. झटको देव नको." पहिले तीन दिवस एवढंच ऐकलं. चौथ्या दिवशी दंड सुजले, तेव्हा आईने तेल लावलं आणि म्हणाली, "उद्या नको जाऊ." मी गेलो. महिन्याच्या शेवटी मिळायचा होता एक भोवरा, माझ्या पसंतीच्या लाकडाचा, लाखेच्या तीन पट्ट्यांचा.

लाख लावताना बघण्यात माझा हात चुकायचा. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी नुसती टेकवायची. घासून जी ऊब येते तिनेच लाख वितळते आणि लाकडावर पट्टा उमटतो. ब्रश नाही, डबा नाही. मग केवड्याच्या पानाने ती सारखी करायची, आणि चकाकी आपोआप वर येते. पहिला लाल पट्टा उमटला तेव्हा मी दोरी ओढायची थांबलो होतो. आबा रागावले नाहीत. हत्यार खाली ठेवून तेही त्या पट्ट्याकडे बघत बसले.

भोवरा मिळाला. फणसाचा, पिवळाजर्द. त्याला आर ठोकायच्या आधी आबांनी तो तळहातावर फिरवून बघितला, नापसंतीने मान हलवली आणि पुन्हा लेथवर चढवला. मला कुठे काही दिसलं नव्हतं. पुढे टूलरूममध्ये एखादा नग तपासून झाल्यावरही मी पुन्हा एकदा हातात फिरवून बघायचो, तेव्हा पोरं हसायची.

दोन वर्षांनी मोटार आली आणि माझी नोकरी गेली. लाकूड आता एकाच दिशेने फिरायला लागलं, हत्यार सतत टेकून राहायला लागलं. आबांना ते आवडलं की नाही, कळलं नाही. एवढं मात्र बोलले, "आता आवाज आयकूक येता." धार गेली की कातण्याचा आवाज बदलतो, सुईं-सुईंचा खरखराट होतो. दोरीच्या मागेपुढे जाण्यात तो नीट लागत नसे. आता ते डोळे मिटूनही सांगत, "थांब, पटाशी घासूक व्हयी." मला त्यांनी दुकानातून काढलं नाही. करंड्यांवर बसवलं.

करंडा म्हणजे बघायला सोपं, करायला अवघड काम. लाकूड एका अंगाला घट्ट धरलेलं, दुसरं अंग मोकळं. त्या मोकळ्या अंगातून आधी पोकळी कोरायची. तिची भिंत किती जाड राहील हे ठरलं की मग बाहेरचा घाट. उलट केलंत तर घाट देखणा येतो आणि आतून कोरताना पटाशी भिंतीतून बाहेर डोकावते. माझी डोकावली. आबा म्हणाले ते वर लिहिलंच आहे.

आणि झाकण. मी केलेलं पहिलं झाकण अगदी चपखल बसलं. उघडताना "पुक्" असा आवाज आला, आणि मला वाटलं, आता आबा पाठ थोपटतील. त्यांनी झाकण परत माझ्या हातात दिलं. "मे म्हयनो हा. पावसात लाकूड फुगता. झाकण अर्धा सूत ढिला ठेवचा लागता." मग लाखेच्या कांडीने झाकणावर एक ठिपका आणि करंड्यावर एक ठिपका दिला. ठिपक्यासमोर ठिपका आणूनच झाकण लावायचं. असं का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. सुताराच्या मापात एका इंचाची आठ सुतं. म्हणजे अर्धं सूत साधारण दीड मिलिमीटर. बारा वर्षांच्या मुलाला ते माप गबाळं वाटलं. चपखल बसलेलं कुणी मुद्दाम सैल करतं का?

1976 मध्ये मी टर्नर ट्रेडला पुण्यात आलो. निघायच्या आदल्या दिवशी आबांकडे गेलो. त्यांनी एक लहानशी गोल पटाशी दिली. जुन्या कानशीची, त्यांनीच तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन केलेली. मूठ शिसवीची. "दिवाळेक येशीत तेवा घेवन ये," म्हणाले. दिली होती ती वापरायला, कायमची नव्हे. हे मला तेव्हाही नीट कळलं होतं.

पहिल्या दिवाळीला विसरलो. एस.टी. आंबोली घाट उतरायला लागली तेव्हा आठवलं. दुसऱ्या दिवाळीला मात्र विसरलो नव्हतो. वसतिगृहाच्या ट्रंकेत ती होती, आणि मी तिला मुद्दाम हात लावला नाही. मला ती हवी होती. शनिवार-रविवारी वर्कशॉपमधल्या लाकडाच्या तुकड्यांवर मी ती चालवायचो. तेवढी धार दुकानातल्या कुठल्याही हत्याराला नव्हती. आबांनी काही विचारलंही नाही. माझे हात बघून म्हणाले, "लोखंडाचे झाले मरे." लोखंडाचं काम करणाऱ्याच्या हाताच्या रेघांत काळं बसतं, त्यावरून. तिसऱ्या वर्षी वडिलांची बदली रत्नागिरीला झाली, आणि सावंतवाडी सुटली.

1984 मध्ये आईच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीला होतं, आबा कातारी तीन महिन्यांपूर्वी गेले. पत्र मी कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचलं. पाळी संपवून खोलीवर आलो, ट्रंक उघडली, पटाशी होती. पुढची चाळीस वर्षं ती ट्रंकेतून कपाटात, कपाटातून माळ्यावर अशी सात घरं फिरली. दर बदलीच्या वेळी हातात यायची आणि मी ती पुन्हा फडक्यात गुंडाळायचो. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली की ती आपल्या सामानात कधीच मिसळत नाही.

2023 च्या फेब्रुवारीत मी ती परत करायला गेलो. वर्गमित्र एस.टी.त मेकॅनिक होता, तो 2016 मध्ये गेला. घरी वहिनी आणि एक भाची. पडवीच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान, भाड्याने दिलेलं. मी मनात बरंच काही योजून गेलो होतो. वहिनींनी पटाशी घेतली, बोटाने धार बघितली, "मामंजींचीच," म्हणाल्या आणि ती ओट्यावर कात्रीशेजारी ठेवून चहा टाकायला गेल्या. एवढाच तो समारंभ.

निघताना त्यांनी माळ्यावरून एक ओंडकी काढायला लावली. फणसाची, आबांच्या वेळची, दोन्ही टोकांना मेण चोपडलेली. टोकांतून ओल पटकन बाहेर पडली तर लाकूड उभं फाटतं, म्हणून. लाकूड सुकायला इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब असतो. या चार इंचांना चाळीस वर्षं मिळाली होती. "हेचा कायतरी करा," वहिनी म्हणाल्या. सोबत घरच्या मिरीची पिशवी दिली. त्यांच्या परसात पोफळींवर मिरीचे वेल आहेत. घोसातला एखादा दाणा तांबडा झाला की घोस उतरवायचा, दाणे उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढायचे आणि उन्हात टाकायचे. मग रंग एकसारखा काळा येतो.

म्हणून मग गिरणी. त्यांच्याच लाकडाची, त्यांच्याच मिरीसाठी. सुचलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ओंडकीवर पहिली पटाशी टेकली आणि गॅलरीभर पिवळा कीस उडाला. वरचा करडा थर गेल्यावर आत तोच भोवऱ्याचा रंग. उजेड लागत गेला की फणस पिकत जातो, तांबूस-तपकिरी होतो. आतला गाभा मात्र इतक्या वर्षांनीही कालच कापल्यासारखा होता. लेथ मिनिटाला चारशे-साडेचारशे फेऱ्यांवर ठेवला, कारण भोक पाडताना घाई केली तर लाकूड जळतं. आधी 41, मग 27. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग उलटं धरून दुसऱ्या बाजूने, दोन्ही भोकं मध्यावर भेटेपर्यंत. दर इंचाला बिट बाहेर काढून कीस झटकायचा. आत दाटला की बिट अडकतो आणि धूर निघतो. भोकं भेटली तेव्हा बॅटरीने आत बघितलं. जोड दिसला नाही, नखाला लागलाही नाही. पोट झालं. मग रूप. कमरेला किंचित बारीक, डोकं करंड्याच्या झाकणासारखं, वर लाखेचे तीन पट्टे. बाहेरून चपड्याचं पॉलिश. आत काही लावायचं नाही, नाहीतर मिरीला त्याचा वास लागतो.

डोक्याच्या खालच्या अंगाला जे कुसू असतं ते धडाच्या भोकात शिरून फिरतं. ते मी व्हर्नियर लावून काढलं. फट ठेवली मिलिमीटरचा दहावा हिस्सा. डोकं फिरवलं की तेलात फिरल्यासारखं. घरात सगळ्यांना फिरवायला लावलं. "हे लाटण्यापेक्षा बरं जमलंय," असं ऐकायलाही मिळालं. मे महिन्यात गिरणी सावंतवाडीला पोचवली. जुलैत फोन आला.

"अर्धी फिरता नि आडता." या चार शब्दांत सगळं निदान होतं, पण मला ते उलगडायला दोन दिवस लागले. लाकूड ओल पितं तेव्हा सगळीकडून सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. आडव्या अंगाला फुगतं, आणि त्यातही वर्तुळांच्या कडेने जास्त, गाभ्याकडून बाहेर कमी. ढोबळ मानाने दुप्पट फरक. म्हणजे गोल भोक लंबगोल होतं. गोल कुसूही लंबगोल होतं. दोन्ही लंबगोल एकाच दिशेला असतील तर एकमेकांत बसतात. पाव फेरा फिरवला की आडवे येतात आणि अडतात. पुण्याच्या कोरड्या हवेत बसवलेली वस्तू मी कोकणातल्या पावसात नेऊन ठेवली होती. त्यातून बाहेरून पॉलिश आणि आतून उघडं लाकूड, म्हणजे सगळी ओल आतच. पोलाद असं वागत नाही. पोलादाशी चौतीस वर्षं राहिलेल्या माणसाला हे माहीत असायला हरकत नव्हती, पण हातांना ते माहीत नव्हतं.

आणि त्याच वेळी तो लाखेचा ठिपका कळला. झाकणाचा आणि करंड्याचा धागा एका दिशेला राहावा, दोन्ही फुगले तरी बरोबर फुगावेत, एवढ्यासाठी तो होता. फिरणाऱ्या गिरणीला ठिपक्याचा उपयोग नाही. तिथे फक्त अर्धं सूत.

गणपतीत गेलो. सप्टेंबर होता, पाऊस धरूनच होता. वहिनींनी गिरणी चुलीच्या उबेला ठेवून आधीच मोकळी करून ठेवली होती. मी पॉलिश पेपर नेला होता. लेथ नाही, म्हणून ओटीवर बसून कुसू हातानेच घासायला लागलो. घासून लावायचं, फिरवायचं, पुन्हा घासायचं. वहिनी वाती वळत समोर बसल्या होत्या. अर्ध्या तासाने उठल्या आणि देवघरातून करंडा घेऊन आल्या. आबांचा. लाख ठिकठिकाणी उडालेली, पण दोन्ही ठिपके जागेवर. "हेच्या झाकणावरसून माप घ्या," म्हणाल्या. भर पावसात झाकण सहज उघडलं.

मी व्हर्नियर लावला. वहिनींना त्या यंत्राचं काही वाटलं नाही. मला मात्र आकडा वाचताना चष्मा पुसावा लागला. दीड मिलिमीटरला दहावा हिस्सा कमी. पन्नास वर्षांपूर्वी, व्हर्नियर कधी हातात न धरलेल्या माणसाने ठेवलेली फट, तीही मे-जूनचा हिशेब करून. त्याचं माप गबाळं नव्हतं. त्याला ते कुठल्या महिन्यात घ्यायचं हे ठाऊक होतं.

दुपारपर्यंत कुसू अर्ध्या सुताला आलं. डोकं आता फिरताना किंचित डुलतं. टूलरूममध्ये असा नग मी पास केला नसता.

जेवताना ओट्यावर नजर गेली. पटाशी तिथेच होती, पण कात्रीशेजारी नव्हती. करवंट्यांच्या ढिगावर होती. वहिनींच्या लक्षात आलं. "ह्या हत्यार खोबरा सोडवूक बरा पडता," त्या म्हणाल्या. गोल पटाशीचा बाक करवंटीच्या आतल्या बाकाला बरोबर लागतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नसतं. जी मी चाळीस वर्षं फडक्यात गुंडाळून जपली, ती तिथे रोज वापरात होती. मूठ तेलाने काळी होऊन चमकत होती.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा गिरणीतून पांढरं पडत होतं. वहिनींनी तिच्यात उपासाचं सैंधव भरलं होतं. रोजच्या मिठाशी मिसळत नाही, म्हणून सोय. मिरी पूर्वीसारखीच खलबत्त्यात. मिठाने पोलादी दाते गंजायला लागले होते. मी काही बोललो नाही. यंत्र उतरवून पुण्याला आणलं, त्याच मापाचं चिनी मातीच्या दात्यांचं यंत्र मिळवलं, आणि ते भाचीबरोबर पाठवून दिलं. बसवायला चार आटे लागतात, ते तिनेच पिळले.

त्या पावसाळ्यात फोन आला नाही म्हणून नारळी पौर्णिमेला मीच केला. गिरणी फिरत होती.